सीमा अडवता येते, वय अडवता येत नाही

(शिक्षक, पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



व्हिसा नसताना परक्या देशात प्रवेश केला म्हणून जी कुटुंबे स्थानबद्धता केंद्रात ठेवली जातात, त्यांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय ऐकून काहींच्या मनात साहजिकच प्रश्न आला असेल, की आपल्याकडे घुसखोरीचा प्रश्न एवढा गंभीर असताना हा विषय कशासाठी? माझे उत्तर असे की, नेमका त्यासाठीच. जो समाज आपल्या सीमांविषयी जागरूक आहे, त्याने सीमेवर अडवलेल्या मुलाचे पुढे काय होते याचाही विचार केला पाहिजे. सीमा राखण्याचे काम जेवढे नेटाने होईल, तेवढा हा प्रश्न मोठा होत जाणार आहे. कारण अडवलेल्या माणसांबरोबर त्यांची मुलेही अडवली जाणार आहेत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या भूमीत कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. आलेल्या माणसाची ओळख पटवणे, त्याचा दावा तपासणे आणि राहण्याचा हक्क नसेल तर त्याला परत पाठवणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ही चौकशी चालू असताना त्या कुटुंबातील आठ वर्षांच्या मुलाने सकाळी उठून काय करायचे?

प्रौढ माणसाला वाट पाहता येते. दोन वर्षे वाया गेली तर ती त्याच्या आयुष्यातून वजा होतात, पण तो माणूस म्हणून घडलेला असतो. मुलाचे तसे नाही. अक्षरओळखीचे, वाचनाची गोडी लागण्याचे, पाढे तोंडी बसण्याचे एक वय असते. ते एकदा निसटले की पुढे दुप्पट कष्ट करूनही पूर्णपणे भरून निघत नाही. आपल्यातील शिक्षकांना हे मी सांगायला नको. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर गेलेले मूल वैशाखात परत येते, तेव्हा ते वर्गात किती मागे पडलेले असते, हे आपण पाहिले आहे. त्या मुलांसाठी आपल्याकडे साखरशाळांचा प्रयोग करावा लागला, तो याच कारणाने. सहा महिन्यांच्या खंडाने एवढे नुकसान होत असेल, तर सलग दोन-तीन वर्षे कुंपणाआड राहिलेल्या मुलाचे काय होत असेल?

वूमेराचे वाळवंट

या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर अभ्यास ज्या देशात झाला, तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. व्हिसाशिवाय येणाऱ्या प्रत्येकाला सक्तीने स्थानबद्ध करण्याचा कायदा त्या देशाने १९९२ साली केला. वयाचा अपवाद त्यात नव्हता. तान्हे मूल असो वा वृद्ध आजी, नियम एकच. १९९९ नंतर इराक, अफगाणिस्तान, इराण या देशांतून होड्या भरून माणसे येऊ लागली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे, ॲडलेडपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर, वाळवंटात एक केंद्र उघडण्यात आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये साधारण ४०० माणसांसाठी उभारलेल्या या केंद्रात काही महिन्यांतच त्याच्या तिपटीहून अधिक माणसे कोंबली गेली. त्यांत शेकडो मुले होती.

त्या देशाच्या मानवाधिकार आयोगाने या मुलांच्या स्थितीची चौकशी केली. आयुक्त होते डॉ. सेव्ह ओझडोव्स्की. ते जन्माने पोलंडचे, स्वतः स्थलांतरित होऊन ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालेले. त्यांचा अहवाल मे २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेपुढे आला. त्यातील काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जुलै १९९९ ते जून २००३ या चार वर्षांत व्हिसाशिवाय येऊन आश्रय मागणाऱ्या मुलांची संख्या २,१८४ होती. चौकशीअंती त्यांतील ९२ टक्क्यांहून अधिक मुले खरोखरच निर्वासित ठरली. इराकी मुलांमध्ये तर हे प्रमाण जवळजवळ ९८ टक्के होते. म्हणजे ज्यांना अनेक महिने, काहींना अनेक वर्षे कुंपणाआड ठेवले, त्यांतील बहुतेकांना शेवटी त्याच देशाने आश्रयाचा हक्क मान्य केला. २००३ च्या अखेरीस स्थानबद्ध मुलांचा सरासरी काळ एक वर्ष आठ महिन्यांहून अधिक होता. सर्वाधिक काळ राहिलेले मूल पाच वर्षे, पाच महिने आणि वीस दिवस आत होते.

पाच वर्षे, पाच महिने! आपल्याकडे पहिलीत गेलेले मूल तेवढ्या काळात सहावीच्या वर्गात बसलेले असते.

शाळा नावाची खोली

या केंद्रांत शाळा अजिबात नव्हत्या असे नाही. आयोगानेही तसे म्हटलेले नाही. शिक्षक होते, आणि त्यांतील अनेकजण तळमळीने काम करत होते. पण जे होते ते शिक्षण या नावाला पात्र होते का, हा प्रश्न आहे. निरनिराळ्या वयांची, निरनिराळ्या भाषांची मुले एकाच खोलीत बसवली जात. शिक्षक अल्प मुदतीच्या करारावर येत, त्यामुळे मुलांची त्यांच्याशी ओळख होते न होते तोच ते निघून जात. ठरलेला अभ्यासक्रम नव्हता, मुलाची नीट पारख करून त्याला योग्य इयत्तेत बसवण्याची व्यवस्था नव्हती, प्रगतिपुस्तकाचा पत्ता नव्हता. मोठ्या मुलांसाठी माध्यमिक शिक्षणाची सोय तर फारच तोकडी होती. बाहेरच्या ऑस्ट्रेलियन मुलांना जे मिळते त्याच्या तोडीचे शिक्षण या मुलांना मिळाले नाही, आणि त्यामुळे त्यांच्या शिक्षणाच्या हक्काचा भंग झाला, असा स्पष्ट निष्कर्ष आयोगाने काढला.

याहून खोल असे एक कारण आहे, ते केवळ तासांच्या मोजणीत सापडत नाही. शाळा म्हणजे चार भिंती, फळा आणि खडू एवढेच नव्हे. शाळेत जाण्यासाठी मुलाला उद्यावर विश्वास लागतो. ज्या मुलाने रात्री उपोषणाला बसलेली माणसे पाहिली, ओठ शिवून घेतलेले प्रौढ पाहिले, दंगल आणि पोलीस पाहिले, ते मूल सकाळी भागाकार कसा करील? वूमेरा येथे जानेवारी २००२ मध्ये हे सारे घडले आणि मुलांच्या डोळ्यांदेखत घडले. घरात आई अंथरुणावरून उठत नाही, वडील कोणाशी बोलत नाहीत, आणि आपण येथून कधी सुटणार याचे उत्तर कोणाजवळच नाही, अशा वेळी जगातला सर्वोत्तम शिक्षक दिला तरी त्याचे हात बांधलेलेच राहतात.

आणखी एक गोष्ट. या केंद्रांत माणसांची ओळख होडीच्या क्रमांकाने होत असे. मुलांचीही. पुढच्या काळातील चौकशीतही हेच दिसून आले. आपल्या शाळेत दिवसाची सुरुवात हजेरीने होते. गुरुजी नाव घेतात आणि मूल ‘हजर’ म्हणते. आपण या जगात आहोत, आपल्याला नाव आहे आणि कोणीतरी आपली वाट पाहत आहे, हा मुलाला मिळणारा पहिला धडा हजेरीपटातून मिळतो. क्रमांकाने पुकारल्या जाणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तक देता येईल, पण हा पहिला धडा कोठून देणार?

या अहवालाचा परिणाम झाला. २००२ च्या अखेरीपासूनच काही केंद्रांतील मुलांना जवळच्या गावांतील नेहमीच्या शाळांत पाठवण्याचे प्रमाण वाढू लागले होते. एप्रिल २००३ मध्ये वूमेराचे केंद्र बंद झाले. २००५ साली सत्तारूढ पक्षातील काही खासदारांनीच आपल्या पंतप्रधानांपुढे आग्रह धरला आणि मुलाला स्थानबद्ध करणे हा केवळ अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले. कुटुंबांना कुंपणाबाहेर साध्या घरात ठेवण्याची सोयही तेव्हाच झाली.

येथे ही कथा संपली असती तर बरे झाले असते. पण होड्या पुन्हा आल्या आणि तत्त्व मागे पडले. जुलै २०१३ मध्ये स्थानबद्ध मुलांची संख्या जवळजवळ दोन हजारांवर, १,९९२ वर गेली. त्यांतील काही मुले ख्रिसमस बेटावर होती. त्या बेटावरील शाळकरी वयाच्या मुलांना जुलै २०१३ पासून जुलै २०१४ पर्यंत, म्हणजे पूर्ण एक वर्ष, शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. आयोगाने २०१४ साली केलेल्या दुसऱ्या चौकशीत याला पुन्हा हक्कभंग म्हटले. नाउरू या प्रशांत महासागरातील चिमुकल्या देशात ठेवलेली शेवटची मुले तेथून बाहेर पडली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. कायद्यातले तत्त्व संकटाच्या वेळी आपोआप पाळले जात नाही, त्याची राखण जागरूक समाजालाच करावी लागते, हा यातला धडा.

अमेरिकेतील दोन निकाल

आता अमेरिकेकडे वळू. तेथे या विषयाचे दोन टप्पे आहेत. पहिला टेक्सास राज्यातला. १९७५ साली त्या राज्याने असा कायदा केला, की बेकायदा आलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याचा पैसा खर्च होणार नाही. टायलर या गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला एक हजार डॉलर शुल्क मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द झाला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिला. आई-वडिलांनी कायदा मोडला असेल, पण मुलाने तो निर्णय घेतलेला नव्हता. त्याला जन्मभर निरक्षरतेचा डाग लावून राज्याचा कोणताही मोठा हेतू साधत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बहुमत एका मताचे होते, हे ध्यानात घ्या. विषय सोपा नव्हता. तरीही तो निकाल चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

पण हा निकाल कुंपणाबाहेरच्या मुलांसाठी होता. आतील मुलांसाठी दुसरी लढाई लढावी लागली. १९८५ साली एल साल्वाडोरच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या वतीने दावा दाखल झाला आणि बारा वर्षांनी, १९९७ मध्ये, शासनाने त्यात तडजोड मान्य केली. ही तडजोड ‘फ्लोरेस समझोता’ म्हणून ओळखली जाते. मुलांना ताब्यात ठेवायचेच असेल तर त्यांच्या गरजेची पारख करावी, सोमवार ते शुक्रवार रीतसर वर्ग भरवावेत, अशा अटी त्यात आहेत.

अटी कागदावर राहिल्या की काय होते, ते २००६ साली टेक्सासमधील टेलर या गावी दिसले. एका जुन्या तुरुंगात कुटुंबांसाठी ५१२ खाटांचे केंद्र उघडण्यात आले. तेथील मुलांना कैद्यांसारखे कपडे होते आणि आरंभी दिवसाकाठी जेमतेम एक तास शिकवले जात होते. मार्च २००७ मध्ये न्यायालयात दावे दाखल झाले, ऑगस्टमध्ये तडजोड झाली, शिक्षणाचे तास वाढले, गणवेश गेले. ऑगस्ट २००९ मध्ये तेथे कुटुंबे ठेवणेच बंद झाले. परंतु २०१४ च्या अखेरीस टेक्सासमध्येच डिली येथे २,४०० खाटांचे नवे केंद्र उभे राहिले. ते २०२४ मध्ये बंद झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडले. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण प्रश्न तोच राहिला. म्हणून हा प्रश्न एखाद्या पक्षाचा नाही, तो राज्यव्यवस्थेच्या सवयीचा आहे.

आई की शाळा?

येथे एक खरी अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. मुलाला कुंपणाआड ठेवू नका म्हटले, तर शासन विचारते, आई-वडिलांचे काय करायचे? मुलाला बाहेर काढायचे तर आईपासून तोडावे लागेल; आईजवळ ठेवायचे तर आत ठेवावे लागेल. २०१८ साली अमेरिकेने पहिला मार्ग धरला. सीमेवर पकडलेल्या आई-वडिलांवर खटले भरले आणि हजारो मुले त्यांच्यापासून वेगळी केली. देशभर असा संताप उसळला, की जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांना तो निर्णय मागे घ्यावा लागला. काही मुलांचे आई-वडील शोधायला पुढे वर्षे लागली.

आपल्या परंपरेतील एक प्रसंग येथे आठवतो. कारागृहात जन्मलेल्या बालकाला त्याच रात्री यमुनेपलीकडे नेण्यात आले, म्हणून ते गोकुळात वाढले आणि पुढे सांदीपनींच्या आश्रमात शिकले. कारागृह ही मूल वाढवण्याची जागा नव्हे, हे वसुदेवाला ठाऊक होते. पण त्याची किंमत देवकीने मोजली. सुसंस्कृत राज्याने कोणत्याही आईला ही किंमत मोजायला लावू नये. कंसाच्या राज्यात दुसरा मार्ग नव्हता. लोकशाही राज्यात तो असतो.

तो मार्ग ऑस्ट्रेलियाने २००५ मध्येच दाखवला होता. कुटुंब एकत्र राहते, साध्या वस्तीतील घरात राहते, अधिकाऱ्यांकडे ठरलेल्या दिवशी हजेरी देते आणि मुले जवळच्या शाळेत जातात. शासनाची नजर फाइलवर राहते, मूल मात्र वर्गात असते. चौकशी थांबत नाही, परत पाठवण्याचा अधिकारही कमी होत नाही. थांबते ते फक्त मुलाचे नुकसान.

याच देशात पुढे काय घडले तेही सांगतो. क्वीन्सलँड प्रांतातील एका लहान गावात श्रीलंकेतून आलेले एक तमिळ कुटुंब राहत होते. दोन्ही मुलींचा जन्म ऑस्ट्रेलियातलाच. व्हिसाची मुदत संपली म्हणून मार्च २०१८ मध्ये भल्या पहाटे त्यांना उचलण्यात आले आणि पुढे ख्रिसमस बेटावर नेण्यात आले. तेथील केंद्रात ते एकमेव कुटुंब होते. थोरली मुलगी बेटावरच्या शाळेत जाऊ लागली. म्हणजे शाळा मिळाली. पण शाळा सुटल्यावर परत जायचे ते पहारेकऱ्यांच्या फाटकाआड. ही शाळा पुरेशी म्हणायची का? त्या गावाने तसे मानले नाही. शेतकरी आणि खाटीकखान्यातील कामगार यांचे ते गाव. पण तेथील लोकांनी चार वर्षे आपल्या शेजाऱ्यांसाठी आवाज उठवला. अखेर जून २०२२ मध्ये ते कुटुंब गावी परतले. एखादा समाज मनावर घेतो तेव्हा काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आक्षेप आणि उत्तरे

या विषयावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की चांगली शाळा दिली तर आणखी लोक येतील. माझे उत्तर साधे आहे. युद्धातून पळणारी माणसे आपले लेकरू गळक्या होडीत बसवतात, ते पलीकडच्या शाळेचा फळा पाहून नव्हे, तर अलीकडे मरण पाहून. आणि जो केवळ पैशासाठी येतो, त्याला रोखण्याचे काम सीमेवर आणि त्याला पैसे घेऊन आणणाऱ्या दलालावर व्हावे. मुलाच्या पाटीवर नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पण पहारा, कुंपण, खाटा आणि दुर्गम जागी सारे सामान पोहोचवणे याचा खर्च पाहिला, तर गावातल्या शाळेतील एक बाक त्यापुढे काहीच नाही. महाग असते ते कुंपण.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्याला परत पाठवायचेच आहे, त्याला शिकवून काय उपयोग? पण जे मूल परत जाणार आहे, त्यालाच शिक्षणाची अधिक गरज आहे. ते आपल्या देशात परतेल तेव्हा तेथील वर्गात बसता आले पाहिजे. म्हणून त्याची मातृभाषा टिकली पाहिजे, गणित चालू राहिले पाहिजे आणि काय शिकला याचा कागद त्याच्या हाती असला पाहिजे. शासनाने घुसखोराला परत पाठवावे. पण आपल्या ताब्यात असताना अडाणी राहिलेले मूल त्याच्याबरोबर पाठवू नये. ते त्या मुलाचेही नुकसान आणि आपल्या राष्ट्राचीही अप्रतिष्ठा.

वळिवडेचा वारसा

या विषयात आपल्या महाराष्ट्राजवळ सांगण्यासारखे काही आहे, याची जाणीव फार थोड्यांना आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांतील वाचलेले लोक इराणमार्गे बाहेर पडले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये त्यांतील अनाथ मुलांना आसरा दिला. आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतांश स्त्रिया आणि मुले.

त्या छावणीत काय होते? बराकी होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, नाटकाचा रंगमंच होता. आणि प्राथमिक शाळेपासून माध्यमिक शाळेपर्यंत शिक्षणाची सोय होती. मुले आपल्या भाषेत शिकत होती, आपला इतिहास वाचत होती. ते भारतात कायमचे राहणार नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही शाळा होती. किंबहुना म्हणूनच होती. परत जायचे आहे म्हणून आपले शिक्षण तुटू द्यायचे नाही, हा त्या छावणीचा नियम होता. ही मुले पुढे पोलंडमध्ये, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात गेली आणि मोठी होऊनही कोल्हापूरचे नाव विसरली नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकाला वंदन केले, ते याच आठवणीपोटी. गुलाम असलेल्या, युद्धाच्या आणि टंचाईच्या काळातल्या या भूमीवर जे जमले, ते आजच्या समृद्ध राष्ट्रांना का जमू नये? आणि स्वतंत्र भारताला का जमू नये?

आपल्या अंगणात

शेवटी आपल्याकडे येतो. आसाममध्ये परकीय नागरिक ठरलेल्या व्यक्तींना अनेक वर्षे जिल्हा तुरुंगांच्या आवारात ठेवले जात असे. जानेवारी २०२३ मध्ये ग्वालपाडा जिल्ह्यातील माटिया येथे ३,००० जणांची क्षमता असलेले स्वतंत्र केंद्र सुरू झाले. त्याच्या आराखड्यात शाळा आणि रुग्णालय यांचा समावेश होता. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श नियमावलीत कुटुंबीयांची ताटातूट होऊ नये आणि मुलांसाठी पाळणाघर असावे, अशा गोष्टी आहेत. दिशा योग्य आहे. पण आराखड्यातली शाळा आणि घंटा वाजणारी शाळा यांत किती अंतर असते, ते टेक्सासने आणि ख्रिसमस बेटाने आपल्याला दाखवले आहे.

आपला कायदा या बाबतीत अनेक देशांच्या पुढे आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांविषयी बोलते. घटनेत जेथे केवळ नागरिकांना हक्क द्यायचा आहे, तेथे ‘नागरिक’ हा शब्द वापरलेला आहे. येथे शब्द ‘मुले’ हा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद केली आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असेही तो कायदा सांगतो. म्हणजे नवीन कायदा करण्याची गरज नाही. आहे तो कुंपणाच्या आत न्यायचा आहे.

आणि हा प्रश्न केवळ ‘त्यांच्या’ मुलांचा आहे, असेही समजू नका. पाकिस्तानातून छळ सोसून आलेली हिंदू कुटुंबे आपण जवळून पाहतो. २०१९ मध्ये अशाच एका कुटुंबातील मुलांना वय जास्त झाले या कारणाने दिल्लीत शाळेचा प्रवेश नाकारला गेला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर वयाची अट शिथिल करावी लागली. ती मुले कोठल्याही केंद्रात नव्हती, मोकळी होती. तरी सीमा ओलांडण्याच्या धकाधकीत गेलेली वर्षे शाळेच्या दारात त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. वय थांबत नाही, ते हेच. ज्यांच्यासाठी आपले हृदय द्रवते त्यांना आणि ज्यांच्याविषयी आपल्या मनात शंका आहे त्यांना, दोघांनाही हा नियम सारखाच लागू आहे. मुलाच्या वयाला नागरिकत्व नसते.

म्हणून, बंधू-भगिनींनो, माझी आपल्याकडे एकच अपेक्षा आहे. सीमा राखा, चौकशी काटेकोर करा, खोटे कागद शोधून काढा, ज्याला परत जायचे आहे त्याला परत पाठवा. परंतु अशा प्रत्येक केंद्राविषयी बातमी वाचाल तेव्हा ‘आत किती जण आहेत’ या प्रश्नाबरोबर आणखी चार प्रश्न विचारा. आत मुले किती आहेत? त्यांतील शाळेत जाणारी किती? ती कोणत्या भाषेत शिकतात? आणि बाहेर पडताना त्यांच्या हाती कोणत्या इयत्तेचा दाखला असणार आहे? आपले लोकप्रतिनिधी भेटतील तेव्हा त्यांना विचारा, माहिती मागवा, शिक्षक असाल तर शिकवण्याची तयारी दाखवा. हे प्रश्न विचारण्याचा सर्वांत मोठा अधिकार सीमेच्या रक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांनाच आहे. कारण त्यांच्या तोंडी हे प्रश्न आले, तर ते राष्ट्राच्या विरोधातले आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही.

कठोरपणा आणि निष्ठुरपणा यांत अंतर आहे. कठोर राज्य दाराशी आलेल्याला थांबवते आणि त्याची ओळख विचारते. निष्ठुर राज्य त्याच्या बोटाला धरून उभ्या असलेल्या मुलाचे बालपणही जप्त करते. आपले राज्य पहिल्या प्रकारचे असावे आणि दुसऱ्या प्रकारचे कधीही होऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो.